मृधाघाटावर न आलेलं वादळ

"तुमच्याकडे पडला होता का हो?"

मृधाघाटावर होडीतून उतरणाऱ्या माणसाकडे तिकीट मागायच्या आधी निभा बैद्य हे विचारते. कुठला पाऊस, कधीचा, ते ती सांगत नाही. नवखा माणूस गोंधळतो, वर आभाळाकडे बघतो, मग तिच्याकडे बघतो. आम्ही रोजचे उतारू गोंधळत नाही. ती गेल्या वैशाखातल्या एका दुपारबद्दल विचारते आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. त्या दुपारी आमच्या रायमंगल नदीवर एक वादळ यायचं होतं. ते आलं नाही.

मी पैलतीरावरच्या शाळेत शिकवते. इतकी वर्षं सकाळी जाते, संध्याकाळी येते, आणि दोन्ही वेळा निभाच्या टपरीसमोरून जाते. पत्र्याची टपरी, पुढे बाक, आत चहाची शेगडी, मुडीचा, म्हणजे मुरमुऱ्यांचा, डबा आणि तिकिटांचं पुडकं. नवरा केरळात इमारतीच्या कामावर. रविवारी त्याचा फोन येतो, तेव्हा घाटावरच्या सगळ्यांना कळतं, कारण निभा हळू बोलत नाही. तिच्या जिभेला घाट वचकून असतो.

"काकी, सुटे नाहीत."

"मग पोहत जा. पोहायला सुटे लागत नाहीत."

तिच्या टपरीमागे एक उंच बांबू उभा आहे. आमच्याकडची रीत अशी की त्या बांबूवर लाल गमछा चढला की होडी सुटत नाही. कोणाचं कितीही अडलेलं असो. आणि तो चढवायचा हक्क होडीवाल्याला नाही, कारण त्याला भाडं दिसतं. उतारूंनाही नाही, कारण त्यांना घर दिसतं. हक्क फक्त टपरीत बसणाऱ्याचा. फार वर्षांपूर्वी कालबैशाखीच्या, म्हणजे उन्हाळ्यात अचानक येणाऱ्या वादळाच्या, वाऱ्यात भरलेली होडी उलटली, तेव्हा घाटाच्या कमिटीने हा नियम केला. त्या होडीत निभाची थोरली बहीण होती. टपरीत कोणाला बसवायचं हा प्रश्न आला तेव्हा कमिटीतला एक म्हातारा म्हणाला होता, "जिला भीती ठाऊक आहे तिलाच बसवा."

आता लोक म्हणतात की पूर्वी निभाला आभाळ वाचता यायचं, फोनने तिला बिघडवलं. हे खोटं आहे. पूर्वी ती वायव्येकडे बघायची, घारी खाली आल्या का बघायची, नदी तेलासारखी गुळगुळीत झाली का बघायची, आणि चारातल्या दोन वेळा चुकायची. आम्ही तासन्‌तास कोरड्या घाटावर बसून तिला शिव्या घातल्या आहेत. मग तिने फोन घेतला, आणि त्यात हवामानाचं ते ॲप आलं. नकाशावर लाल डाग, डागाला बाण, आणि बाणाच्या पुढे ठिपक्यांची रेघ. तुमच्या गावी अमुक वाजता. पहिल्या वर्षी फाल्गुनाच्या शेवटी त्याने साडेचार सांगितले आणि साडेचारला टपरीचा पत्रा वाजायला लागला. निभा फोन दोन्ही हातांनी धरून उभी होती. देव्हाऱ्यातली मूर्ती पुसायला काढावी तसा.

युनूस गाझी मात्र खूश नव्हता. त्याची भोटभोटी, म्हणजे डिझेलवर भटभट करत जाणारी लाकडी होडी, या घाटावर सगळ्यांत जुनी.

"दीदी, तुझा फोन पाऊस सांगतो," तो म्हणाला. "मला पावसाने काय होतंय? भिजेन. मला मारतो तो वारा. आणि वारा पावसाच्या पुढे धावतो. फोन म्हणतो साडेचार, तर माझं मरण चारला."

"मग मी गमछा पावणेचारलाच चढवीन."

"असं केलंस तर बरं."

तेव्हापासून ती फोनच्या वेळेतून थोडा वेळ वजा करायची. ते वजा केलेलं तिचं स्वतःचं होतं, फोनचं नव्हे. पुढे तिला हेच खात राहिलं.

त्या दुपारी मी अलीकडे होते. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि मी पलीकडच्या बाजारात जायला निघाले होते. वायव्येला आभाळ जांभळं झालेलं. फोनवर डाग मोठा, मधोमध काळपट लाल, आणि बाण सरळ आमच्यावर रोखलेला. निभाने गमछा चढवला आणि युनूसने दोर बांधला. आम्ही वीसेक माणसं बाकावर, पायऱ्यांवर, वडाच्या पारंब्यांखाली बसलो. कोणीतरी मुडीत मिरची जास्त झाली म्हणून कुरकुरत होतं.

तेवढ्यात बांधावरून सायकल-व्हॅन आली. अवनी मिस्त्री ओढत होता. व्हॅनच्या फळ्यांवर त्याची बायको मालती आडवी होती. तिच्या पायाला साडीच्या पट्ट्या आवळून बांधलेल्या होत्या. घोट्यावर एक, गुडघ्याखाली एक, मांडीवर एक. पेंढा काढताना नाग डसला होता. तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या आणि ती नाकातून बोलत होती.

"दीदी, सोड होडी," अवनी म्हणाला.

निभाने त्याला फोन दाखवला. "बघ. अंगावर येतंय."

"मला काय दाखवतेस? एक थेंब तरी आहे का?"

"थेंबाच्या आधी वारा येतो. नदीच्या मध्यात गाठलं तर ती पण जाईल आणि तू पण."

युनूस पुढे आला. "मी नेतो, दीदी. फक्त ह्यांना. बाकी कोणी नको."

निभाने एकदा नदीकडे बघितलं. नदी तेलासारखी होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मला आजही सांगता येत नाही, पण ती युनूसकडे बघत नव्हती, नदीच्या मध्यावर कुठेतरी बघत होती.

"थांबा. येईल आणि जाईल. गेलं की लगेच सोडते."

मग आम्ही थांबलो. सगळा घाट एका दिशेला तोंड करून बसला होता, एखादं मोठं माणूस यायचं असावं तसा. मालती काहीतरी म्हणाली ते कोणाला कळलं नाही. अवनीने तिच्या तोंडाशी कान नेला आणि मग सांगितलं, "पाणी मागतेय." पाणी तिच्या घशाखाली उतरेना. आभाळ काळं झालं, मग राखाडी झालं, मग मधूनच फाटलं आणि त्यातून ऊन पडलं. पारंबीसुद्धा हलली नाही. पाऊण तासाने फोनवरच्या डागाचे दोन तुकडे झाले, आणि बघता बघता तो नाहीसा.

निभाने गमछा ओढून काढला तो फाटला. युनूसने इतक्या जोरात होडी कधी हाकली नसेल. पैलतीरावर दवाखान्याच्या वाटेवरच मालती गेली. डॉक्टर एवढंच म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

थोडं आधी. या दोन शब्दांवर पुढचं वर्षभर आमचा घाट लटकत राहिला.

तिसऱ्या दिवशी निभाने पहिल्यांदा विचारलं. सातजेलियाच्या बाजूने आलेल्या एका मासेवालीला. "परवा दुपारी तुमच्याकडे पडला होता का ग?"

"नाही बा. नुसतं ढगाळलं होतं."

मग पुढच्या होडीतल्या माणसाला. मग त्याच्या पुढच्या. हिंगलगंज, शमशेरनगर, कुमीरमारी. वादळ इथे आलं नाही, तर मग ते गेलं कुठे? कुठेतरी पडलं असेल. कोणाचं तरी छप्पर उडालं असेल. एक माणूस भिजला असता तरी तिला पुरलं असतं. मग तिला म्हणता आलं असतं की वादळ होतं, फक्त वळलं.

आमचे तारापद मास्तर शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. मी शेजारीच बसले होते.

"निभा, तो बाण म्हणजे भविष्य नव्हे. गेला अर्धा तास ढग कसा चालत आला ते बघायचं आणि त्याच चालीने पुढे रेघ ओढायची, एवढंच ते करतं. आमचा कुत्रा रोज बाजाराकडे जातो म्हणून आजही जाईल, असं आहे ते."

"आणि कुत्रा वाटेत मेला तर?"

"तर रेघेला ते कळत नाही. मेल्यावर कळतं. आणि आणखी एक. ते जे लाल दिसतं ना, ते फार लांबून, फार उंचावरचं बघितलेलं असतं. कधी कधी पाऊस वर पडतो आणि खाली पोचायच्या आत सुकून जातो."

निभाने चहाचं भांडं खाली ठेवलं. "म्हणजे पडला की नाही?"

"वर पडला."

"मास्तर, वर कोण राहतं?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग फोनवर विश्वास ठेवायचा की नाही, हेच विचारतेस ना? थोडा ठेवायचा."

"थोडा म्हणजे किती? माझ्याकडे एकच बांबू आहे. गमछा अर्धा चढत नाही."



अवनीबद्दल आम्हांला उशिरा कळलं. तोही विचारत होता. बाजाराच्या दिवशी होडीत बसायचा, शेजारच्याला हळूच विचारायचा, "वैशाखातल्या त्या दिवशी तुमच्याकडे काही पडलं होतं?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा सैल व्हायचा. मग घाटावर उतरताना टपरीजवळून जायचा आणि निभाकडे न बघता म्हणायचा, "मोल्लाखालीलाही नव्हतं, दीदी." दुसऱ्या आठवड्यात, "पाथरप्रतिमाला माझा मेव्हणा आहे. तिथेही नव्हतं."

निभा त्याचा चहा मात्र बाकावर ठेवायची, आणि तो प्यायचा. हे दर आठवड्याला.

एकदा नदीच्या मध्यात युनूसने मला सांगितलं. इंजिनाच्या आवाजात वाकून, जवळजवळ कानात.

"दिदीमणी, दोघं एकच वादळ शोधताहेत. एकाला ते सापडायला हवंय आणि दुसऱ्याला सापडायला नकोय."

"असं का म्हणता, चाचा?"

"तुम्हांला माहीत नाही असं दाखवू नका. डसल्यावर आधी कुठे नेलं होतं तिला?"

मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. मालतीला आधी गुणिनाकडे नेलं होतं, तो मंत्र घालतो, विष उतरवतो. त्याच्या अंगणात ती घाटावरच्या पाऊण तासापेक्षा बराच जास्त वेळ होती. वादळ खरं असेल तर घाटावरचं थांबणं बरोबर होतं, आणि मग मालतीला मारलेला वेळ तो अंगणातला. वादळ खोटं असेल तर तो वेळ घाटावरचा. दोघांच्या समोर कोणी हे बोलत नव्हतं. पण होडीत एखादा नवा माणूस चढला की आमचे सगळ्यांचे कान तिकडे लागायचे, हा आता काय सांगतोय म्हणून.

आम्ही खोटंही बोललो. मी स्वतः नाही, पण आमच्यातले काही. गुळाची भांडी घेऊन येणारा एक माणूस दया येऊन म्हणाला, "पडला होता की, काकी. गारा पडल्या."

निभा ताठ झाली. "केवढ्या?"

"ह्या एवढ्या."

"वारा कुठून होता?"

"वारा... नदीकडून."

"तुझ्या गावाच्या तिन्ही बाजूंना नदी आहे. कुठल्या?"

तो लाजला, पायाने माती उकरायला लागला. ती म्हणाली, "चहा पी आणि जा. खोट्या पावसाने मी भिजत नाही." पण तो गेल्यावर ती बराच वेळ हाताचा पंजा उघडून, त्याने दाखवलेल्या गारेच्या आकाराएवढी बोटं वाकवून बसली होती. मी बघितलं.

पावसाळ्यात ती झोपत नाही असं तिची शेजारीण म्हणायची. पाऊस पडायला लागला की दारात येऊन उभी राहते म्हणे, ऐकत. हा तो नव्हे, म्हणते, आणि आत जाते.

हिवाळा गेला. चैत्र आला. पैलतीरावर चडकाची, म्हणजे चैत्र संपतानाच्या सणाची, जत्रा होती आणि दुपारच्या होडीला गर्दी. अवनीही होता. युनूसने इंजिन चालू केलेलं. शेवटी क्षितीश गायेन आले, सुनेच्या खांद्यावर हात टाकून. म्हाताऱ्याला दम्याचा झटका आला होता, पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. प्रत्येक श्वासाला छातीतून शिट्टी निघत होती. त्यांना होडीत घेऊन बसवलं, आणि तेवढ्यात निभा फोन बघत टपरीतून बाहेर आली.

मी तिच्याजवळच होते. मला फोनचा पडदा दिसला. लाल डाग. बाण. आमच्या गावाचं नाव बाणाच्या रेघेत.

आभाळ मळकट होतं, काळं नाही. वायव्येला काहीतरी होतं, पण धूळही असेल.

होडीत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "काकी, गेल्या वर्षीसारखं करू नका हां." आणि म्हणणारा अवनीकडे बघून मागे सरकला.

क्षितीशबाबूंची सून म्हणाली, "निभादी, यांना श्वास येत नाहीये. थांबवू नका."

निभाच्या हातात नवा गमछा होता. ती बांबूकडे गेली नाही. पायऱ्या उतरून होडीपाशी गेली आणि तो गमछा अवनीच्या पुढे धरला.

"घे."

"हे काय?"

"तू सांग. चढवायचा असेल तर चढव. नाहीतर पाण्यात टाक."

युनूस म्हणाला, "दीदी, हे रीतीत बसत नाही."

"ठाऊक आहे मला."

अवनी उतरला. त्याने गमछा घेतला नाही, फोन घेतला. त्याने ते चित्र नीट असं कधी बघितलंच नव्हतं. एका बोटाने त्याने लाल डागाला हात लावला, भाजेल की काय असा.

"एवढंच असतं?"

"एवढंच."

"हा तर अंगावर येतोय."

"बाण म्हणतो तसं."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी गेल्या वर्षी म्हटलं."

होडीतले सगळे त्याच्याकडे बघत होते. क्षितीशबाबूंची शिट्टी ऐकू येत होती, आत, बाहेर, आत. नदी गुळगुळीत होत चालली होती, किंवा मला तसं वाटत होतं. अवनीने नदीकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं, पुन्हा नदीकडे.  मग त्याने निभाच्या हातातून गमछा ओढला, वर गेला आणि बांबूला बांधला. गाठ त्याला नीट येईना. दोनदा सुटली.

"उतरा," युनूसने इंजिन बंद केलं. "उतरा सगळे."

क्षितीशबाबूंना उचलून टपरीच्या बाकावर आणलं. सून रडत नव्हती, अवनीकडे टक लावून बघत होती. तेच जास्त होतं. निभाने गरम पाणी केलं, म्हाताऱ्याची पाठ चोळली. अवनी बांबूच्या बुडाशी बसला. वेळ जाईना. बांबूवरचा गमछा लोंबत होता, जीव नसल्यासारखा. शिट्टी बारीक झाली की आम्ही सगळे माना वळवायचो, आणि पुन्हा मोठी झाली की श्वास सोडायचो.

कुठूनही वारा आला नाही.

"गुणिनाकडे अर्धी दुपार गेली होती, दीदी," अवनी म्हणाला. जमिनीकडे बघत. सगळ्यांना ऐकू गेलं. "मी परत परत म्हटलं, चला आता घाटावर. तो म्हणाला, अजून एक फेरा. मीच थांबलो."

निभा म्हाताऱ्याची पाठ चोळतच राहिली.

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू व्हॅन ओढत आलास तेव्हापासून. मांडीवरच्या पट्टीखाली हळद होती. गुणिनाचीच हळद असते ती. आणि पाय केवढा सुजला होता."

"मग तू बोलली का नाहीस? वर्षभर मी तुझ्या टपरीशी येऊन..."

"मला वादळ सापडायला हवं होतं, अवनी. तू सापडून मला काय उपयोग?"

तो डोकं गुडघ्यांत घालून बसला. मास्तर असते तर त्यांनी चष्मा काढला असता. मी नदीकडे बघत राहिले कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

थोड्या वेळाने निभाने फोन बघितला. "गेला."

"कुठे?" अवनीने विचारलं.

"नाहीसा झाला. मागच्यासारखाच."

अवनी उठला, पण गाठीला हात घालून तसाच उभा राहिला. सुटेना असं नव्हतं. आता त्याच्याच्याने ती सोडवेना. आभाळ होतं तसंच मळकट होतं, आणि फोनवर नसलेलं तिथे नसेल याची हमी कोण देणार होतं? शेवटी युनूस पुढे झाला, त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि दोघांनी मिळून गाठ सोडवली.

होडी भरली. क्षितीशबाबूंना आधी घेतलं. त्यांची शिट्टी चालू होती, म्हणजे ते होते. अवनी चढला नाही. मीही चढले नाही; जत्रेत जाण्यात मला काही उरलं नव्हतं. भोटभोटीचा आवाज लांब गेला, मध्यावर गेला, आणि आम्ही तिघं बघत होतो की ती मध्यावरून पुढे सरकते आहे की नाही.

तेव्हा पत्र्यावर टप्प असं वाजलं. मग आणखी एक. चार-पाच मोठे थेंब असतील, त्याच मळकट आभाळातून, आणि बंद. धुळीत त्यांचे खळगे पडले आणि आमच्या देखत कडेकडेने सुकू लागले.

अवनी म्हणाला, "हा पडला म्हणायचा का?"

निभा एका खळग्याशी वाकली होती. तिने त्यावर बोट ठेवलं. बोट ओलं झालं की नाही, ते तिने आम्हांला दाखवलं नाही.

"होडी परत येऊ दे," ती म्हणाली. "मध्यावर त्यांना लागला असेल तर युनूस सांगेल."

मग आम्ही होडीची वाट बघत बसलो.